भिंती वाचवल्यात, आता पाण्याची वाट मोकळी करा

पाण्यावर चालणाऱ्या जुन्या गिरणीचे अवशेष असलेली छोटी बाग ज्यांच्या ताब्यात आहे, अशा सर्व शहरांच्या उद्यान विभागांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

तुमच्या बागा मोठ्या नाहीत. नदीच्या किंवा ओढ्याच्या काठचा एक तुकडा, काही बाकं, आणि मधोमध छप्पर गेलेल्या, खिडक्यांच्या जागी नुसत्या पोकळ्या उरलेल्या भिंती. भर वस्तीत अशी जागा मोकळी राखणं सोपं नसतं. तिथे वाहनतळ झाला असता, इमारती उठल्या असत्या. तसं झालं नाही, कारण तुमच्या खात्यातलं कुणीतरी कधीतरी एखाद्या प्रस्तावाला ठामपणे नाही म्हणालं. त्या माणसाचे आभार मानते आणि लगेच तक्रारीवर येते.

तुम्ही भिंती वाचवल्या, पण गिरणी बुजवली.

अशा बागांमध्ये फिरताना मला पुन्हा पुन्हा तेच दिसतं. चाकाच्या खड्ड्यात भराव टाकून फुलझाडं लावलेली असतात. पाणी आणणाऱ्या पाटावर फरसबंदी करून पायवाट काढलेली असते. पाणी बाहेर सोडणाऱ्या मोरीचं तोंड चिणून टाकलेलं असतं. फाटकाजवळ जात्याची एक मोठी पाळ उभी करून तिच्यावर बागेचं नाव रंगवलेलं असतं. माणसं येतात, पडक्या भिंतीसमोर फोटो काढतात आणि जातात. ही गिरणी चालत कशी होती, हे त्यांना कळायला जागाच ठेवलेली नसते.

पाण्यावर चालणाऱ्या गिरणीत इमारत ही नंतरची गोष्ट. आधी उतार शोधला जायचा. वरच्या अंगाला बंधारा घालून पाणी अडवायचं, तिथून पाट काढायचा आणि तो जमिनीच्या उतारापेक्षा कमी उतारानं न्यायचा. पाट असा हळूहळू उतरत असतो आणि शेजारचा ओढा मात्र भराभर खाली जात असतो. गिरणीपाशी पोचेपर्यंत दोघांच्या पातळीत जेवढं अंतर पडतं, तेवढीच त्या गिरणीची कमाई. मग झडप, झडपेपुढे पन्हळ, पन्हळीखाली चाक, आणि चाकाखालून पाणी पुन्हा ओढ्याला नेऊन सोडणारी मोरी. या मोरीकडे तर कुणीच बघत नाही. पण ती तुंबली की वापरलेलं पाणी चाकाखाली साचतं, चाकाची पाती त्या पाण्यात अडखळतात आणि चाक मंदावतं. येणाऱ्या पाण्याइतकीच जाणाऱ्या पाण्याची काळजी घ्यावी लागायची. भिंती बांधल्या गेल्या त्या या सगळ्या व्यवस्थेवर छप्पर असावं म्हणून.

पाणी चाकाला कुठे लागतं यावरही फार काही अवलंबून असतं. इंग्लंडमधल्या जॉन स्मीटन या अभियंत्यानं छोटी प्रतिकृती चाकं बनवून हे मोजलं आणि १७५९ साली रॉयल सोसायटीपुढे मांडलं. पाण्याचा लोंढा खालून पात्यांवर आदळणाऱ्या चाकापेक्षा, वरून पडणारं पाणी खणांमध्ये भरून त्याच्या वजनानं फिरणारं चाक तेवढ्याच पाण्यात सुमारे दुप्पट काम देतं, असं त्याला आढळलं. आता तुमच्या बागेतल्या गिरणीचं चाक कोणत्या जातीचं होतं, हे कसं ओळखायचं? चाक लाकडाचं असेल तर ते कधीच कुजून गेलेलं असणार. पण खड्डा राहतो. पाट किती उंचीवर येऊन थांबतो, खड्डा किती खोल आणि किती रुंद आहे, आस टेकण्याचा दगड कुठे बसवलेला आहे, यावरून चाकाचा व्यास काढता येतो आणि पाणी कुठून पडत होतं तेही सांगता येतं. कधीकधी खड्ड्याच्या भिंतीवर चाक घासून पडलेले कमानदार ओरखडेही सापडतात. एकात एक अशा त्या वर्तुळाच्या रेघा चाकानं स्वतः ओढलेल्या असतात. तुमच्या फुलझाडांच्या मातीखाली त्या असू शकतात.

मोरीतला गाळ, पाटाच्या कडेला चिकटलेला पांढरा थर, असल्या गोष्टी सफाईच्या कंत्राटात सगळ्यात आधी जातात. म्हणून बार्बेगालची गोष्ट थोडी सविस्तर सांगते.

दक्षिण फ्रान्समध्ये आर्ल शहराजवळ बार्बेगाल नावाची जागा आहे. तिथे दुसऱ्या शतकातल्या रोमन पाणचक्क्यांचे अवशेष आहेत. टेकडीच्या उतारावर दोन समांतर रांगा, प्रत्येक रांगेत आठ चाकं, अशी एकूण १६. वरून जलवाहिनीचं पाणी यायचं आणि एका चाकावरून दुसऱ्यावर असं पायरीपायरीनं उतरायचं. १९३०च्या दशकात तिथे उत्खनन झालं. लाकडी भाग अर्थातच उरले नव्हते. पण त्या पाण्यात चुन्याचं प्रमाण भरपूर होतं, आणि वर्षानुवर्षं लाकडावरून वाहताना त्यानं लाकडावर थर चढवले होते. लाकूड कुजलं, थर राहिले. लाकडाच्या पृष्ठभागाचा ठसा पोटात घेऊन राहिले. उत्खननात मिळालेले असे तुकडे कुणी राडारोडा म्हणून फेकले नाहीत, ते आर्लच्या संग्रहालयात ठेवले गेले. त्यानंतर कितीतरी दशकांनी, २०१८ आणि २०२० साली, संशोधकांनी त्या तुकड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. थरांच्या रचनेवरून त्यांना दिसलं की गिरण्या वर्षातले काही महिने बंद राहत असाव्यात. ठशांवरून त्यांनी एक कोपरासारखी वळलेली लाकडी पन्हळ पुन्हा मांडून दाखवली, आणि तिच्या आकाराचा संबंध चाकांना पाणी कसं पोचत होतं याच्याशी लावला. अठराशे वर्षांपूर्वीच्या कारागिरांचं डोकं कसं चाललं असेल, हे आपल्याला पाण्यानं सोडलेल्या एका खरपुडीवरून कळलं. साफसफाईच्या उत्साहात त्या खरपुड्या खरवडून टाकल्या असत्या, तर भिंती तशाच राहिल्या असत्या आणि ही गोष्ट मात्र कायमची गेली असती.

पाणी काढून घेतलं की गिरणी कशी मरते याचंही एक उदाहरण इतिहासात आहे. इंग्लंडमधल्या क्रॉमफर्ड इथे रिचर्ड आर्कराइटनं १७७१ साली पाण्यावर चालणारी सूतगिरणी उभारली. तिला लागणारं पाणी मुख्यतः शिशाच्या खाणींतून निघणाऱ्या एका बोगद्यातून यायचं. जमिनीच्या पोटातलं ते पाणी थंडीतही सहसा गोठत नसे, म्हणून ते मोलाचं. पुढच्या शतकात ते पाणी त्याहून खोल अशा दुसऱ्या बोगद्याकडे वळलं. इमारत धडधाकट उभी होती, पण तिथली सूतकताई आटोपली.

हे सगळं ऐकून तुम्ही म्हणाल, झाकलेल्या गोष्टी आता उघडणार कशा? त्यालाही दाखला आहे. अमेरिकेत मिनीॲपोलिस शहरात मिसिसिपी नदीवर सेंट अँथनी नावाचा धबधबा आहे. त्याच्या बळावर तिथे पिठाच्या गिरण्यांची रांग उभी राहिली आणि १८८० ते १९३० या काळात ते शहर पिठाच्या उत्पादनात जगात आघाडीवर होतं. गिरण्या बंद पडल्या, तेव्हा त्यांना पाणी पुरवणारा कालवा आणि पाणी बाहेर नेणाऱ्या मोऱ्या खडी-वाळूखाली गेल्या. पुढे पुरातत्त्वज्ञांनी तिथे खोदकाम केलं, मोऱ्या आणि पाये पुन्हा उजेडात आणले, आणि २००१ साली तिथे अवशेषांची बाग खुली झाली. आज तिथे फिरणाऱ्या माणसाला पाणी कुठून शिरत होतं आणि कुठून बाहेर पडत होतं हे पायाखालीच दिसतं. तिथे भिंती फार नाहीत. ज्या आहेत त्याही पुष्कळशा जमिनीच्या पातळीखालच्या. तरीही ती बाग मला उंच, देखण्या भिंती आणि सपाट हिरवळ असलेल्या कितीतरी बागांपेक्षा जास्त बोलकी वाटते.

त्याच गिरणीवस्तीतली आणखी एक गोष्ट तुमच्या माहितीफलकांसाठी सांगते. २ मे १८७८च्या संध्याकाळी तिथली वॉशबर्न ए ही प्रचंड गिरणी स्फोटानं उडाली. १८ कामगार गेले, त्यातले काही शेजारच्या गिरण्यांमधले होते. स्फोट झाला पिठाचा. हवेत तरंगणारी पिठाची धूळ पुरेशी दाट झाली आणि तिला ठिणगी मिळाली की ती दारूगोळ्यासारखी पेटते. जात्याचे दोन दगड, मध्ये धान्य नसताना, एकमेकांवर घासले तर ती ठिणगी मिळते. या दुर्घटनेनंतर गिरण्यांमध्ये धूळ ओढून घेणारी यंत्रं बसवण्याकडे लक्ष गेलं. ती गिरणी १८८० साली पुन्हा बांधली, १९६५ साली बंद पडली, १९९१ साली आगीत जळाली, आणि २००३ साली त्या जळक्या भिंतींच्या आतच संग्रहालय उघडलं. जळालेलं झाकलं नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

ही गोष्ट सांगितली, कारण तुमच्या फलकांवर माणसं नसतात. मालकाचं नाव असतं, बांधकामाचं साल असतं, क्वचित यंत्राचं चित्र असतं. आत कोण उभं होतं? पाळीला टाकी लावणारा, म्हणजे झिजलेल्या दगडाच्या खाचा छिन्नीनं पुन्हा काढणारा कारागीर तिथे होता. पोलादाच्या बारीक कणांनी त्याच्या हाताच्या कातडीवर काळे ठिपके गोंदले जायचे. सूतगिरणी असेल तर तिथे मुलं होती. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात रोझवेल नावाचं शहर आहे. ओढ्याकाठी कापडगिरणीचे अवशेष, बंधाऱ्यावरून पडणारं पाणी आणि भोवती बाग, अशी तिथली रचना आहे. यादवी युद्धात, जुलै १८६४मध्ये, उत्तरेच्या फौजांनी ती गिरणी जाळली आणि तिथल्या सुमारे ४०० कामगारांना, ज्यात बहुतेक बायका आणि मुलं होती, देशद्रोहाचा ठपका ठेवून आगगाडीनं उत्तरेकडे पाठवून दिलं. त्यातल्या कितीतरी जणी कधीच परतल्या नाहीत. त्यांची आठवण म्हणून रोझवेलमध्ये २००० साली एक स्मारक उभं राहिलं. गिरणी जळाल्यानंतर तब्बल १३६ वर्षांनी. तुमच्या शहराला एवढं थांबायचं कारण नाही. हजेरीपट, जनगणनेच्या नोंदी, जुन्या वर्तमानपत्रांतल्या अपघाताच्या बातम्या कुठल्या ना कुठल्या दप्तरात असतातच. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत इतिहासाच्या विद्यार्थ्यांना ते काम द्या.

आता भिंतींकडे येते, कारण त्या वाचवल्यात असं मी वर म्हटलं, पण तेही अर्धंच खरं आहे. कितीतरी ठिकाणी त्यांच्या दरजा, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांच्या फटी, सिमेंटनं भरलेल्या दिसतात. हे तातडीनं थांबवा. जुनी भिंत चुन्यात बांधलेली असते. चुना मऊ असतो आणि ओल बाहेर सोडतो. भिंतीत शिरलेलं पाणी दरजांवाटे वाळून जातं, आणि झीज व्हायचीच तर चुन्याची होते, जो पुन्हा भरता येतो. सिमेंट कडक असतं आणि ओल अडवतं. मग पाणी दगडातून किंवा विटेतून बाहेर पडायला बघतं, येताना क्षार आणतं, पृष्ठभागाआड त्या क्षारांचे स्फटिक फुगतात आणि दगडाचा पापुद्रा सुटतो. आपण लोणा लागला म्हणतो तो हाच. काही वर्षांनी सिमेंटच्या दरजा जाळीसारख्या पुढे आलेल्या आणि मधले दगड आत खचलेले दिसतात. एवढी हानी शंभर वर्षांच्या पावसानं केलेली नसते. दरजेतला माल नेहमी दगडापेक्षा कमजोर हवा, हा नियम कंत्राटाच्या अटींमध्ये लिहून घ्या. पाण्याजवळच्या बांधकामाला पाण्यात घट्ट होणारा चुना लागतो. तोही काही दुर्मिळ शोध नाही. चाकांची मोजमापं करणाऱ्या त्याच स्मीटननं एडिस्टन दीपगृह बांधताना, चिकणमातीचा अंश असलेल्या चुनखडीपासून तो कसा मिळतो हे पडताळून पाहिलं होतं.

उघड्या भिंतीच्या माथ्यावर सिमेंटची टोपी घालू नका. मातीचा थर देऊन त्यावर बारीक मुळांचं गवत लावण्याची पद्धत आता बऱ्याच ठिकाणी वापरतात. गवत पाणी शोषतं, ऊन आणि थंडी यांचा तडाखा बोथट करतं, आणि भिंत भेगाळत नाही. झुडपं आणि झाडं मात्र लहान असतानाच काढा. उशीर झाला असेल तर उपटू नका, कापा आणि मूळ जागीच मरू द्या, नाहीतर मुळाबरोबर भिंतीचा तुकडा हातात येईल. आणि हिरवळीला पाणी मारणारी फिरती कारंजी भिंतीपासून दूर न्या. दिवसातून दोनदा भिंतीच्या पायथ्याला आंघोळ घालायची आणि मग लोणा का लागला म्हणून अहवाल मागवायचा, हे थांबायला हवं.

एक प्रस्ताव हमखास पुढे येतो, त्याबद्दल आधीच बोलते: नवं कोरं लाकडी चाक बसवायचं आणि विजेच्या पंपानं त्यावर पाणी सोडायचं. मुलांना आवडेल, हे मान्य. पण पाणी पंपानं वर चढवून चाक फिरवणं म्हणजे गिरणीचं सगळं तत्त्वच उलटं दाखवणं आहे. जुन्या वास्तूंच्या जतनाबद्दलच्या १९६४च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेत स्पष्ट म्हटलंय की जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. तुमच्या चाकाला किती खण होते, ते कोणत्या लाकडाचे होते, हे माहीत नसेल तर तिथे थांबा. रिकामा खड्डा, त्याच्या भिंतीवर चाकाचा घेर दाखवणारी एक लोखंडी पट्टी आणि पाट जिथे येऊन थांबतो तिथे उभं राहायला एक कठडा, एवढ्यानं दहा वर्षांच्या मुलालाही सगळं कळतं. मी मुलांना असं समजावून पाहिलं आहे. पाणी कुठून पडायचं हे बोटानं दाखवलं की चाक ती स्वतःच्या मनात बसवतात आणि पहिला प्रश्न विचारतात, ‘मग थांबवायचं कसं?’ तिथे झडपेच्या खाचा दाखवायच्या.

उघड्या खड्ड्यांमुळे अपघात होतील, डास होतील, ही भीती रास्त आहे. तिची उत्तरंही साधी आहेत. खड्ड्याला जाळी किंवा कठडा. तळाला निचरा, आणि तो मूळ मोरी मोकळी केली की बहुतेकदा आपोआप मिळतो, कारण ती त्याच कामासाठी बांधलेली असते. पाट पुन्हा वाहता करण्याचा हट्ट मी धरत नाही. कोरडा पाटही पुरे. जिथे रस्ता किंवा इमारत आल्यामुळे तो उघडणं शक्यच नाही, तिथे जमिनीवर वेगळ्या रंगाच्या दगडांची पट्टी टाकून त्याची वाट दाखवा, थेट बंधाऱ्यापर्यंत. बंधारा बागेच्या हद्दीबाहेर, दुसऱ्या खात्याकडे असतो हे मला माहीत आहे. त्या खात्याला पत्र लिहा. धोकादायक म्हणून तो एक दिवस पाडला जाईल आणि तुम्हाला कळणारही नाही.

पैशांचा प्रश्न आहेच. पण रंगीत दिव्यांसाठी, सेल्फीच्या चौकटीसाठी जो पैसा निघतो, त्यातच या कामाची सुरुवात होते. सुरुवातीला लागतं ते इतकंच: जुने भूमापन नकाशे काढून त्यांवर पाट, खड्डा आणि मोरी यांच्या जागा शोधायच्या, त्या आजच्या नकाशावर उतरवायच्या, आणि पुरातत्त्वाच्या माणसाच्या देखरेखीखाली चाकाच्या खड्ड्यावर एक अरुंद चाचणी चर घ्यायचा. यंत्र लावायचं नाही, हातानं खणायचं. निघालेली माती चाळायची, खरपुडीचा आणि लाकडाचा प्रत्येक तुकडा कुठे मिळाला ते लिहून ठेवायचं. तोवर त्या जागेवर नवं काँक्रीट, नवी फरशी, नवं झाड, काहीही नको. फाटकावरची पाळ आडवी करून तिच्या खाचा वर येतील अशी ठेवा आणि तिच्यावरचा रंग काढा, मात्र घासून नाही, तर खाचांना धक्का लागणार नाही अशा पद्धतीनं, जाणकाराला विचारून.

चर कधी घेणार ते आधी जाहीर करा आणि काम चालू असताना बाग बंद ठेवू नका. दोरी बांधा, पण लोकांना बघू द्या. मी तर येईनच.

कळावे,
तुमच्या बागांमध्ये नेमाने फिरणारी एक नागरिक